काडतुसाची मुरड

पिलर ड्रिल म्हटलं की भोसरी-चिंचवडच्या एखाद्या शेडमधलं, खंडेनवमीला झेंडूची माळ घातलेलं मशीन तुमच्या डोळ्यांपुढे येत असेल. न्यूझीलंडच्या गॅरेजमध्येही तेच मशीन असतं. एरवी ते कुंपणाच्या फळ्यांना भोकं पाडतं. एप्रिल आला की काही घरांत मात्र त्यावर काडतुसांची तोंडं बंद होतात, कारण मे महिन्याच्या पहिल्या शनिवारी इथे बदकांच्या शिकारीचा हंगाम उघडतो.

आता समजा, तुमच्या शेजारचे आजोबा वापरलेली काडतुसं पुन्हा भरतात. तुमचा पंधरा वर्षांचा मुलगा कुंपणापलीकडून ते पाहतो. आजोबा तुम्हाला विचारतात, "येऊ दे की त्याला, हँडल ओढायला." तुम्ही काय म्हणाल?

आधी काम समजून घेऊ. काडतुसात टोपी, दारू, बूच आणि छर्रे भरून झाले की वरची प्लास्टिकची कड आत वळवावी लागते. कारखान्यातल्या काडतुसाला चांदणीसारख्या चुण्या असतात. चार-सहा वेळा उडवल्यावर त्या चुण्या फाटतात. मग काही जण झिजलेलं तोंड कापून टाकतात, छर्ऱ्यांवर पातळ चकती ठेवतात आणि ड्रिलच्या चकमध्ये बिटाऐवजी खोबणीचं पोलादी टोक बसवतात. मशीन संथ ठेवून हँडल हळूहळू खाली ओढलं की घर्षणाने प्लास्टिक मऊ पडतं आणि कड आत वळून चकतीवर बसते. करंजीला मुरड घालतात, तसंच. मुरड ढिली राहिली तर दारू नीट जळत नाही. बूच नळीतच अडकू शकतं, आणि ते न पाहता पुढचा बार काढला तर नळी फुटते. जास्त आवळली तर दाब वाढतो. मशीनला किती खाली जायचं याची मर्यादा लावता येते, पण प्रत्येक टरफल वेगळं झिजलेलं असतं. शेवटी हातालाच कळावं लागतं.

पतंजलीच्या योगसूत्रांत हिंसेचे तीन प्रकार सांगितले आहेत: कृत, कारित आणि अनुमोदित. स्वतः केलेली, दुसऱ्याकडून करवलेली, आणि नुसती मान डोलावलेली. सुपरमार्केटमधून चिकनचं पाकीट आणणारे आपण कारितवाले. आजोबा कृतवाले, आणि तेही पुरेपूर, कारण त्यांनी काडतूससुद्धा विकत घेतलेलं नाही. नेम चुकला तर कारखान्याला दोष देण्याची सोय त्यांना नाही. कोकणात पीक राखायला ठासणीची बंदूक बाळगणाऱ्यालाही ती नव्हतीच. दारू त्याने ठासायची आणि बारही त्यानेच काढायचा.

पण म्हणून आजोबा आपल्यापेक्षा निर्मळ ठरतात का? मला तसं वाटत नाही. स्वतः केलं म्हणून पाप हलकं होतं, हा युक्तिवाद मला कायम थोडा सोयीचा वाटत आला आहे. बदकाला त्याने काय फरक पडतो? फार तर एवढाच, की मुरड नीट बसली तर बार नेमका बसतो आणि ते जायबंदी होऊन लव्हाळ्यात दोन दिवस तडफडत नाही. हा फरक लहान नाही, तो मी मान्य करतो. दुसरीकडे, कौशल्य भूलही देतं. शंभर कडा एकसारख्या वळवणाऱ्याचं लक्ष कडेवर असतं, पक्ष्यावर नाही. सुबक कामाचा आनंद खरा असतो, आणि नेमका म्हणूनच तो काम कशासाठी आहे हे विसरायला लावतो. शस्त्रं बनवणाऱ्या मोठ्या कारखान्यांतही अशीच माणसं असतात. कुशल, हसतमुख, घरी वेळेवर येणारी.

ही गोष्ट मुलापर्यंत आली की नुसतं तत्त्व पुरत नाही. इथे सोळा वर्षं झाल्याशिवाय बंदुकीचा परवाना मिळत नाही. त्याआधी परवानाधारकाच्या थेट देखरेखीखालीच बंदूक हाती घेता येते. म्हणजे कायद्याने थोडी जागा ठेवली आहे आणि उरलेला निर्णय घरावर सोपवला आहे. "आपल्यात असलं चालत नाही" असं म्हणून तुम्ही तो टाळू शकता. पण मुलगा त्याच रात्री तुमच्यासोबत बटर चिकन खाणार असेल तर तो काय ऐकेल, हे तुम्हीच ठरवा.

आणखी एक गोष्ट. शिकारीची बदकं विकायला इथे कायद्याने बंदी आहे, त्यामुळे ती खायची किंवा वाटायची. हंगाम सुरू झाला की आजोबा एक बदक तुमच्या दारी आणतील, बहुधा पिसांसकट.

मी मुलाला जाऊ देईन. पण हँडल ओढायच्या आधी त्याला सांगून ठेवीन, की मे महिन्यात ते बदक आलं की पिसं तूच काढायचीस, पोट तूच साफ करायचंस, आणि मांसात छर्रे सापडले तर ते वाटीत काढून ठेवायचे. एवढं कबूल असेल तर जा.