पाणी जमिनीचे की माणसाचे?

समाजातील घटनेचे कारण समाजातच शोधावे, हा एमिल दुर्खिमचा दंडक समाजशास्त्राने इतका मनावर घेतला की पाऊस, माती आणि गुरे त्याच्या अभ्यासक्रमाबाहेरच राहिली. १९७८ मध्ये विल्यम कॅटन आणि रायली डनलॅप या अमेरिकी अभ्यासकांनी या सवयीवर बोट ठेवले. माणूसही निसर्गाच्या मर्यादेत जगतो, एवढे सांगायला एका विद्याशाखेला इतका काळ लागावा, याचे शेतकऱ्याला हसूच येईल. पर्यावरणीय समाजशास्त्राची वेगळी चूल मांडली गेली ती याच सुमारास.

अन्नव्यवस्था शिकवताना मात्र या वादापेक्षा ज्वारीचे ताट अधिक उपयोगी पडते. त्यातून माणसाला भाकरी मिळते, गुरांना कडबा, आणि गुरांमार्फत रानाला शेणखत. ज्वारी मागे हटली की हे सारे चक्रच विस्कटते. लोकांची आवड बदलली, असे म्हणून हा बदल उडवून लावता येत नाही. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्याने भरडधान्याचा दर किलोला १ रुपया ठरवला. रेशन दुकानात मात्र मुख्यतः गहू-तांदूळच येत राहिले. उसाला कालव्याचे पाणी आणि कारखान्याचे हमखास गिऱ्हाईक मिळाले. ज्वारीला दोन्ही नव्हते.

ही घडी बदलता येते का, याचा धडा पुरंदर तालुक्यातील नायगावात मिळतो. १९७२ च्या दुष्काळानंतर विलासराव साळुंखे यांनी तिथे पाणी पंचायतीचा प्रयोग उभा केला. पाणी जमिनीच्या प्रमाणात न देता माणशी अर्ध्या एकरापुरते द्यायचे, कुटुंबाला अडीच एकरांची मर्यादा, भूमिहीनांनाही हक्क, आणि ऊस बंद. जमीन विकली तरी पाण्याचा हक्क तिच्याबरोबर जात नसे. यातले ऊसबंदीचे कलम वरवर पीकपद्धतीचे वाटते. खरे तर वाटपाचे सारे गणित त्यावरच उभे होते, कारण थोडक्यांच्या उसाने पिऊन उरलेले पाणी साऱ्या गावाला पुरले नसते.

अशा गावात संशोधकाला पर्जन्यमापकाइतकीच पाटकऱ्याची वही वाचावी लागते. पाण्याची रात्रीची पाळी कोणाच्या वाट्याला येते, हेही नोंदवावे लागते. सातबाऱ्यावरचे नाव धरून प्रश्नावली भरली, तर खुरपणी करणारी, बियाणे राखणारी आणि भाकरी थापणारी बाई बहुधा त्या पाहणीत येतच नाही.