उडी कोणी मारावी?

सहा डिसेंबरला आपण दादरच्या चैत्यभूमीवर जातो. विदर्भ-मराठवाड्यातल्या कित्येक कुटुंबांना समुद्र पहिल्यांदा दिसतो तो तिथेच. म्हणून विचारतो. समोर माणूस बुडतो आहे आणि तुम्हाला पोहता येत नाही. तुम्ही उडी माराल काय?

"मारीन, नाहीतर करुणा कसली?" असे कोणी म्हणेल. पण बाबासाहेबांनी प्रज्ञा आणि करुणा असे धम्माचे दोन आधारस्तंभ सांगितले. एकट्या करुणेवर धम्म उभा केला नाही. बुडणारा जिवाच्या आकांताने हाती लागेल त्याला मिठी मारतो आणि वाचवणाऱ्यालाही खाली नेतो. चिखलात रुतलेला दुसऱ्या रुतलेल्याला बाहेर काढू शकत नाही, हे सल्लेख सुत्तात भगवंतांनी चुंदाला सांगितलेच आहे.

म्हणून काठावर स्वस्थ बसणाऱ्यालाही मी प्रज्ञावान म्हणणार नाही. "त्याची वेळ भरली होती", "समुद्राने बळी घेतला" ही भाषा आपण दीक्षा घेतली तेव्हाच टाकली. समुद्र बळी मागत नाही. लाटांनी किनाऱ्यावर आणलेले पाणी एखाद्या अरुंद वाटेने जोराने परत फिरते. ते माणसाला तळाशी ओढत नाही, आत समुद्राकडे नेते. त्याच्याशी झुंजत सरळ किनाऱ्याकडे येऊ पाहणारा पट्टीचा पोहणारासुद्धा दमून बुडतो. किनाऱ्याला समांतर, आडवे पोहत गेले तर त्या ओढीतून सुटता येते. आणि बुडणारा बहुधा ओरडत नाही. ओरडायला श्वास उरलेला नसतो.

पोहता न येणाऱ्याने उडी मारली नाही तर त्याला दोष लागत नाही. पण दोर फेकता येतो, झाकण घट्ट लावलेला रिकामा डबा फेकता येतो, लुगड्यांना गाठी मारून सोडता येतात, कोळी बांधवांना, जीवरक्षकांना हाक मारता येते. हेही केले नाही, तर मग दोष कोणाचा? पिढ्यान्‌पिढ्या आपल्याला विहिरीवर चढू दिले नाही, पोहणे कोण शिकवणार होते? आज मात्र मुलांना, आणि मुलींनाही, शिकवायला आपल्याला कोण अडवतो?

बाहेर काढलेल्याचा श्वास थांबला असेल, तर उलटे टांगून किंवा पोट दाबून पाणी काढण्यात वेळ घालवू नका. तोंडाला तोंड लावून श्वास द्या, छाती दाबा. १९२७ साली महाडला आपण पाणी प्यालो म्हणून तळ्याचे 'शुद्धीकरण' झाले. हा श्वास घेताना जात कोणी विचारीत नाही; शुद्धीवर आल्यावर विचारील, तर विचारो. शुद्धीवर आला तरी त्याला दवाखान्यात न्याच. फुफ्फुसात गेलेले पाणी काही तासांनीही त्रास देते.