बातमी कोणाची?

2018 सालच्या आगमनकाळातला पहिला रविवार. बेळगावच्या आमच्या मंडळीत निवेदने वाचण्याचे काम तेव्हा आमच्याकडे होते. उपासना सुरू होण्यापूर्वी एका वयस्क भगिनीने हर्षभराने आम्हाला बाजूस घेऊन सांगितले, "सूनबाईला दिवस राहिलेत. आभारप्रार्थनेत नाव घ्या." आम्ही नाव घेतले, शिवाय मंडळीच्या वतीने अभिनंदनही केले. ही सून शब्बाथ शाळेत लहान मुलांचा वर्ग घेत असे. त्या वेळी ती मान खाली घालून बसली होती, आणि हा संकोच आहे असे आम्ही समजलो. तिची पाळी चुकून जेमतेम दोन आठवडे झाले होते.

नाताळच्या आठवड्यात तिचा गर्भ गेला. पुढे कित्येक रविवार दारात भेटणारा प्रत्येक जण प्रेमाने तब्येत विचारी, आणि तिला प्रत्येकाला नव्याने सांगावे लागे. वर्गातल्या एका मुलाने विचारले, "टीचर, बाळ कधी येणार?" त्यानंतर तिने वर्ग सोडला.

सासूबाईंचा आनंद खोटा नव्हता, आमचाही हेतू वाईट नव्हता. तरीपण ती बातमी आमची नव्हती, आणि सासूबाईंचीही नव्हती. ती कोणाला सांगायची, केव्हा सांगायची, हे जिच्या पोटात गर्भ होता तिला कोणी विचारलेच नाही. आनंद करण्याचा अधिकार आम्ही तिच्या आधी घेतला.

पूर्वीच्या बायका म्हणत, तीन महिने होईपर्यंत बोलू नये, दृष्ट लागते. आपण ख्रिस्ती लोक दृष्ट मानत नाही, म्हणून या चालीला आपण हसलो. पण तिच्यात दया होती. गरोदरपणाचे आठवडे शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून मोजतात. त्यामुळे चाचणीच्या पट्टीवर दोन रेषा उमटतात तेव्हा हिशेबाने चार-पाच आठवडे झालेले असतात. कळून आलेल्या दर 100 गरोदरपणांपैकी सुमारे 10 ते 15 आपोआप संपतात, आणि त्यांतले बहुतेक पहिल्या 12 आठवड्यांत. अशा वेळी पुष्कळदा गर्भाच्या गुणसूत्रांतच दोष असतो. बाईने कळशी उचलली किंवा जिना चढली म्हणून असे होत नाही. तरी घरात पहिला प्रश्न तोच येतो, "तू काय केलंस?" ज्यांना ठाऊकच नव्हते, ते निदान हा प्रश्न विचारत नसत.

मात्र या मौनाची दुसरी बाजूही पाहिली पाहिजे. ज्या आठवड्यांत बोलायचे नाही, त्याच आठवड्यांत डॉक्टरला किंवा नर्सबाईला कळणे अत्यंत जरुरीचे असते. ज्या नळीपासून बाळाचा मेंदू व मज्जारज्जू तयार होतो, ती गर्भधारणेनंतर सुमारे 28 दिवसांत मिटते. पुष्कळ जणींना दिवस राहिल्याचे कळते तेही त्याच सुमारास. म्हणून फॉलिक ॲसिडची 400 मायक्रोग्रॅमची रोजची गोळी खरे तर आधीपासूनच हवी. तसे झाले नसेल, तर कळल्या दिवसापासून तरी घ्यावी. नाव पहिल्या 12 आठवड्यांत नोंदवावे. कर्नाटकात नोंदणीनंतर 'तायी कार्ड' मिळते. (आमच्या मराठी कानांना ते ताईचे कार्ड वाटते, कानडीत तायी म्हणजे आई.) रक्तगट, हिमोग्लोबिन, साखर, एचआयव्ही, सिफिलिस या तपासण्या होतात. फिट्स, रक्तदाब किंवा थायरॉईडच्या गोळ्या चालू असतील तर त्या आपल्या मनाने बंद न करता डॉक्टरला दाखवाव्या. आणि पोटात एका बाजूला कळ येऊन रक्त जाऊ लागले, चक्कर आली, तर गर्भ नळीत अडकलेला असू शकतो. तेव्हा उद्याची वाट न पाहता दवाखाना गाठावा. हे सर्व सबंध मंडळीला कळण्याची गरज नाही. नर्सबाईला आणि तिच्या मनातल्या एका माणसाला कळले म्हणजे पुरे.

लूकच्या पहिल्या अध्यायातल्या दोघी आपण दरवर्षी नाताळच्या नाटकात उभ्या करतो, पण एक गोष्ट आमच्या कधी लक्षात आली नव्हती. अलीशिबा पाच महिने एकान्तात राहिली. मरीया घाईघाईने डोंगराळ मुलखात गेली ती एकाच घरी, एका बाईकडे, आणि तेथे सुमारे तीन महिने राहिली. शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या आनंदाचाही उल्लेख लूक करतो, पण तो अलीशिबेचे बाळ जन्मल्यावर.

आपण या बातमीला 'गोड बातमी' म्हणतो. तिला ती गोड वाटतच नसेल तर? मागचे बाळंतपण जिवावर बेतलेले असेल, नवऱ्याची नोकरी गेलेली असेल, नर्सिंगची शेवटची परीक्षा तोंडावर आलेली असेल. आपले अभिनंदन अशा बाईचे तोंड बंद करते. गर्भपाताविषयी आपल्या मंडळ्यांत एकमत नाही, आणि तो वाद येथे मिटवण्याचा आमचा विचार नाही. पण 1971 चा कायदा, ज्यात 2021 साली दुरुस्ती झाली, सज्ञान स्त्रीचीच संमती मागतो. नवऱ्याची किंवा सासूची नाही. तिचे नाव गुप्त ठेवण्याचे बंधनही त्यात आहे. घरात जिचे ऐकून घेतले जात नाही, ती गुपचूप मेडिकल दुकानातून गोळ्या आणते किंवा भोंदूच्या हाती सापडते. "तुला कसं वाटतंय?" असे विचारल्याने आपण कशालाही होकार देत नाही. तरी तो प्रश्न आमच्या तोंडून निघत नाही.

त्याच्याऐवजी निघते ते "मुलगाच होऊ दे." जन्मापूर्वी गर्भाचे लिंग सांगणे 1994 च्या कायद्याने गुन्हा ठरले; प्रार्थनेला मात्र कायदा लागत नाही. अशा प्रार्थनेला आम्ही स्वतः मोठ्याने आमेन म्हटलेले आहे.

2019 च्या आरंभी आम्ही त्या सूनबाईंच्या घरी जाऊन क्षमा मागितली. त्या म्हणाल्या, "काका, तुम्ही आभार मानले त्या दिवशी मी अजून घाबरलेलीच होते." याहून अधिक काही बोलल्या नाहीत. चहा मात्र केला.

पुढे त्या वर्गावर परत आल्या. नंतर एकदा त्या पाळकीणबाईंकडे दुपारच्या वेळी बराच वेळ बसून गेल्याचे आम्ही पाहिले. कशासाठी ते पाळकीणबाईंनी सांगितले नाही, आम्हीही विचारले नाही. काही महिन्यांनी एका रविवारी मुलांना गोष्ट सांगताना त्यांनी बसायला खुर्ची मागितली. आम्ही ती नेऊन ठेवली आणि निवेदने वाचायला गेलो.