राखण कोणाची?

घराला कुलूप लावणे हा माणसाचा जुना व्यवहार आहे. घराला डोळा लावणे हा नवा. मुळशी तालुक्यातील बावधनमध्ये हा नवा व्यवहार आता सर्रास पाहावयास मिळतो. बावधन बुद्रुक २०२१ साली पुणे महानगरपालिकेच्या हद्दीत आले. बावधन खुर्द तर त्याआधीच आले होते. राम नदीच्या आसपास जेथे शेते होती, तेथे आज बहुमजली गृहसंकुले उभी आहेत. एका मजल्यावर चार कुटुंबे राहतात आणि पुष्कळदा एकमेकांची नावेही त्यांना ठाऊक नसतात. अशा दारांच्या चौकटीवर बोटभर उंचीचा, तार नसलेला कॅमेरा बसवलेला असतो. त्याला दोष देण्याचा आमचा मुळीच हेतू नाही. घरच्यांची चिंता वाहणे हे कर्तव्यच आहे. परंतु या कॅमेऱ्याचे सेल संपतात, आणि ते संपले म्हणजे एक प्रश्न उभा राहतो. त्याचा विचार येथे करावयाचा आहे.

हा कॅमेरा अहोरात्र पाहत असतो अशी आपली समजूत असते. वस्तुतः तो बहुतेक वेळ निजलेला असतो. समोरून माणूस वा जनावर, म्हणजे ऊब असलेले काही, हलले की आतला संवेदक त्याला जागे करतो. मग तो काही क्षणांचे चित्रण मालकाच्या मोबाइलवर धाडतो आणि पुन्हा निजतो. प्रत्येक जागणे सेलमधील शक्ती खर्च करते. म्हणून वर्दळीच्या जिन्याकडे तोंड केलेल्या कॅमेऱ्याचे सेल, केवळ आपल्या उंबऱ्याकडे पाहणाऱ्या कॅमेऱ्यापेक्षा लवकर संपतात. अंधारात पाहण्यासाठी लागणारा अदृश्य प्रकाश आणि घरातील क्षीण वायफाय ही त्यात भर घालतात. सेल बदलण्याची रीत सोपी आहे. सर्व सेल एकदम बदलावेत, जुन्यांत नवे मिसळू नयेत, टोके पाहून बसवावेत, आणि एकदाच वापरावयाचे लिथियमचे सेल चार्जरला कधीही लावू नयेत. काम दोन मिनिटांचे असते.

मग हे दोन मिनिटांचे काम आठवडेच्या आठवडे का राहून जाते? आम्हांस वाटते, त्याचे कारण केवळ आळस नव्हे. जागे राहण्याच्या भारातून सुटावे म्हणूनच आपण ते यंत्र विकत घेतलेले असते. तेच यंत्र जेव्हा ‘आता तू माझ्याकडे पाहा’ म्हणते, तेव्हा आपल्याला ते रुचत नाही. दहा कुमारींचा दाखला आपण वर्षानुवर्षे ऐकत आलो आहोत. त्यात डुलकी दहाही जणींना लागली होती, हे मात्र आपल्या ध्यानी राहत नाही. शहाण्या आणि मूर्ख यांच्यातील फरक झोपेचा नव्हता. तो तेलाच्या तरतुदीचा होता. यंत्राने निजावे, माणसानेही निजावे. तरतुदीचे उत्तरदायित्व मात्र कोणावर ढकलता येत नाही.

सेल संपलेला कॅमेरा दिसायला चालू कॅमेऱ्यासारखाच असतो. तो तसाच टांगून ठेवणे हे असत्य आहे काय? कोणी म्हणेल, शेतातले बुजगावणे पाखरांना भिववते, त्याला कोणी खोटे म्हणत नाही. चोरालाही तसेच भिववले तर बिघडले कोठे? चोरापुरते हे उत्तर आम्ही मान्य करू. परंतु बुजगावणे उभारणारा शेतकरी स्वतः फसत नाही. ते गवताचे आहे हे तो जाणतो. बंद कॅमेऱ्याच्या भरवशावर निश्चिंत झालेले घर मात्र स्वतःच फसते. दुसऱ्याला भिववण्यापेक्षा आपल्याच माणसांना खोटा दिलासा देणे अधिक गंभीर आहे.

आपल्या मराठीने या बाबतीत मोठा विवेक दाखवला आहे. ‘नजर ठेवणे’ निराळे आणि ‘लक्ष देणे’ निराळे. नजर ठेवतो तो संशयाने. लक्ष देतो तो आस्थेने. आणि या दोहोंपलीकडे ‘राखणे’ आहे, त्यात उत्तर देण्याची बांधिलकी येते. पुणे प्रांतात पूर्वी गावची राखण रामोशी करीत. चोरी झाली तर चोराचा माग काढणे हे रामोशाचे काम असे. माग शेजारच्या गावाच्या शिवेपर्यंत नेऊन पोचवला की जबाबदारी त्या गावावर जाई. तो न लागला तर नुकसान भरून देण्याचा भार त्याच्यावर येई. ही व्यवस्था निर्दोष नव्हती. तिने माणसाला जन्माने कामाशी जखडले होते, आणि पुढे इंग्रज राजवटीने याच समाजावर गुन्हेगारीचा शिक्का मारला. तरी एक गोष्ट तिच्यात होती: जो पाहत असे, त्याला जाब द्यावा लागे. कॅमेरा पाहतो, परंतु जाब देत नाही. तो धावून जात नाही, पडलेल्याला उचलत नाही.

बावधनमधील एका घरभेटीत आम्हांस हे फार जवळून जाणवले. घरात एकट्या आजी, मुलगा परदेशी. त्याने आईसाठी बैठकीच्या खोलीत कॅमेरा बसवला होता. त्याचे सेल संपून पंधरवडा झाला होता. “फादर, मुलगा म्हणतो, आई, सेल बदलून घे. पण स्टुलावर चढायचं कोणी? पडले तर तेही त्याला दिसायचं नाही,” असे म्हणून आजी हसल्या. शेवटी शेजारच्या मुलीने सेल बदलले, आणि चहा घेत घटकाभर बसलीही. आजींनी आम्हांस जे सांगितले ते त्या कॅमेऱ्याविषयी नव्हते, त्या घटकेविषयी होते. दूर असलेल्या मुलाच्या मायेविषयी आम्हांस तिळमात्र शंका नाही. परंतु त्याच्या नजरेला जे साधले नाही, ते शेजारणीच्या पावलांना साधले.

आता दाराबाहेर पाहू. आपला कॅमेरा समोरच्या घरात कोण कधी आले याचीही नोंद करतो. धुणीभांडी करणाऱ्या बाईंची प्रत्येक खेप टिपतो. त्यांची संमती कोणी विचारीत नाही. सर्वोच्च न्यायालयाने २४ ऑगस्ट २०१७ रोजी पुट्टस्वामी खटल्यात खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचा निर्णय दिला. डिजिटल वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा २०२३ चा कायदा मात्र केवळ वैयक्तिक वा घरगुती कारणासाठी केलेल्या वापराला लागू होत नाही. जेथे कायदा उंबऱ्याबाहेर थांबतो, तेथे सद्सद्विवेकबुद्धीला आत यावे लागते. हागार ही दासी मालकिणीच्या जाचाला कंटाळून रानात पळाली, तेव्हा मला पाहणारा देव अशा अर्थाचे नाव तिने परमेश्वराला दिले. त्या पाहण्याने तिला धीर आला. आपल्या घरी राबणाऱ्या स्त्रीला आपल्या पाहण्याने काय वाटते? कॅमेऱ्याचे तोंड आपल्या उंबऱ्यापुरते वळवले, आणि तो येथे आहे हे तिला सांगितले, तर शेजारधर्मही राखला जातो आणि सेलही अधिक टिकतात. नीती आणि काटकसर अशा क्वचितच एका वाटेने जातात.

काढलेल्या सेलचे काय करावे? तो बहुधा ओल्या कचऱ्याच्या बादलीत जातो. लिथियमचा सेल चिरडला गेला तर पेट घेऊ शकतो, आणि तो हाताळणारे हात कचरावेचक भगिनींचे असतात. पुण्यात ‘स्वच्छ’ ही त्यांची सहकारी संस्था दारोदारचा कचरा गोळा करते. २०२२ च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनुसार जुने सेल वेगळे ठेवून संकलन करणाऱ्यांकडे सोपवणे हे ग्राहकाचे कर्तव्य आहे. टोकांवर चिकटपट्टी लावून ते निराळे ठेवणे एवढेच आपल्याला करावयाचे आहे. जिच्यावर आपण दारातून नजर ठेवतो, तिच्याच हाती धोका ठेवणे हा कसला न्याय?

म्हणून आमची एक सूचना आहे. घरातील कॅमेऱ्याचे सेल ज्या दिवशी बदलाल, तो दिवस दिनदर्शिकेवर लिहून ठेवा. पुढच्या वेळेचा अंदाज त्यावरून येईलच. परंतु त्याच दिवशी ज्या एकट्या वृद्धाचे दार आपण कित्येक दिवसांत वाजवले नाही, ते दार वाजवा, आणि स्टुलावर चढण्याचे काही काम राहिले आहे का, असे विचारा.