सावध कोणी राहायचं?

गल्लीतून भरधाव जाणारा माणूस बहुतेक वेळा परका नसतो. तो याच गल्लीत राहतो, फार तर शेजारच्या. सोसायटीतून गाडी बाहेर काढताना तो वॉचमनला हात करतो, समोरच्या आजींना ओळखतो, गणपतीची वर्गणी न मागता देतो, आणि वळण संपल्याबरोबर तिसरा गिअर टाकतो. वेगाची तक्रार करताना आपण सुरुवात मात्र 'ही हल्लीची पोरं', 'हे टेम्पोवाले', 'हे रिक्षावाले' अशी करतो. सकाळी कोणत्याही शाळेच्या मागच्या गल्लीत थोडा वेळ उभं राहून बघावं. तिथे सगळ्यात घाईत असतात ते आई-बाप. पुढे दप्तर, मागे मूल, घंटा व्हायला चार मिनिटं उरलेली, आणि वाटेत चालत निघालेली दुसऱ्यांची मुलं. आपलं मूल वेळेवर पोचावं म्हणून दुसऱ्याच्या मुलाला किती घासून गेलेलं चालतं, हा प्रश्न त्या वेळी कुणाला पडत नाही. ही माणसं वाईट असतात असं नाही. घाईत तो प्रश्न सुचतच नाही.

या घाईची कमाई एकदा मोजून पाहायला हरकत नाही. चारशे मीटरची गल्ली ताशी ३० किलोमीटरने पार करायला ४८ सेकंद लागतात, ताशी ५० ने २९. वाचले १९ सेकंद. तेही वाटेत घंटागाडी, गाय किंवा उलट बाजूने आलेली स्कूटर आडवी आली नाही तर. पुढच्या चौकातला सिग्नल ते १९ सेकंद काढून घेतो तो भाग वेगळा.

दुसरा हिशेब जरा जास्त लक्ष देऊन वाचण्यासारखा आहे. गाडी ताशी ३० ने चालली आहे आणि दोन उभ्या मोटारींच्या मधून चेंडूमागे एक मूल रस्त्यात आलं. ते दिसून चालकाचा पाय ब्रेकवर जाईपर्यंत एक सेकंद धरला, तर तेवढ्यात गाडी आठ मीटर पुढे गेलेली असते. रस्ता कोरडा आणि ब्रेक चांगले असले तर आणखी पाच मीटरमध्ये ती थांबते. एकूण साधारण तेरा मीटर. आता तीच गाडी ताशी ५० ने. त्याच एका सेकंदात ती जवळजवळ चौदा मीटर जाते. म्हणजे पहिली गाडी जिथे उभी राहिली, तिथे पोचेपर्यंत दुसऱ्या चालकाचा पाय ब्रेकवर पडलेलाही नाही. चौदा मीटरवरच्या मुलापर्यंत पहिली गाडी पोचतच नाही. दुसरी पूर्ण ५० च्या वेगाने त्याच्यावर जाते. शिवाय धडकेतली ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, त्यामुळे ५० ची धडक ३० च्या धडकेपेक्षा पावणेतीन पट जबर असते. हे सूत्र आपण सगळे शाळेत शिकलो आणि परीक्षेत लिहून मोकळे झालो.

'पन्नास म्हणजे काही फार नाही' हे वाक्य गाडीच्या आतून खरंच वाटतं. काचा वर, एसी चालू, गाणं चालू. नव्या गाडीत तर ऐंशीसुद्धा अंगाला कळत नाहीत. वेग कळतो तो बाहेरच्याला. बंगल्यांच्या जागी बारा मजली इमारती आल्या, दोन मोटारींच्या जागी चाळीस आल्या, पण गल्लीची रुंदी पूर्वी होती तेवढीच राहिली. त्यातले दोन्ही कडेचे दोन-दोन मीटर उभ्या गाड्यांनी घेतले. फुटपाथ असला तर त्यावर स्कूटर. उरलेल्या पट्ट्यातून भाजी घेऊन येणाऱ्या आजीही चालतात आणि मुख्य रस्त्यावरची कोंडी चुकवायला मोबाइलच्या नकाशाने पाठवलेली मोटारही.

कायदा याबाबत फारसा उपयोगी पडत नाही. मोटार वाहन कायद्याच्या १८३ व्या कलमाखाली वेगाबद्दल हलक्या वाहनाला एक ते दोन हजार रुपये दंड आहे, पण गल्लीत ना कॅमेरा ना हवालदार. आणि मर्यादा तरी किती? केंद्राने २०१८ मध्ये काढलेल्या अधिसूचनेत शहराच्या हद्दीत मोटारींसाठी ताशी ७० ही कमाल मर्यादा होती. राज्यांना ती कमी ठेवता येते, पण कमी केल्याची पाटी वस्तीत सहसा दिसत नाही. जगभरच्या मंत्र्यांची रस्ता सुरक्षेवरची परिषद फेब्रुवारी २०२० मध्ये स्टॉकहोमला भरली होती. चालणारे, सायकलवाले आणि वाहनं जिथे एकत्र येतात तिथे ताशी ३० हीच कमाल मर्यादा असावी, असं तिथल्या जाहीरनाम्यात आहे. त्याच वर्षी संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने त्या जाहीरनाम्याला मान्यता दिली. ३० आणि ५० यांमधलंच अंतर काय असतं, ते वरच्या हिशेबात आलंच; ७० तर त्याच्याही पुढे.

पाटी आणि पोलीस नसले की आपल्याकडे उरतो गतिरोधक. त्याची मापं इंडियन रोड्स काँग्रेसने ठरवून दिली आहेत: ३.७ मीटर रुंद आणि १० सेंटीमीटर उंच, असा पसरट गोलवा, ज्यावरून ताशी पंचवीसच्या आसपास गाडी बिनहिसका जाते. प्रत्यक्षात रात्रीतून डांबराचा नाहीतर सिमेंटचा एक उंच बांध उगवतो. ना पांढरे पट्टे, ना आधी सूचना. रिक्षातल्या गरोदर बाईला आणि पाठीचं ऑपरेशन झालेल्या आजोबांना त्याची शिक्षा होते. तरी लोक गतिरोधक मागतात, कारण चालतो तो तेवढाच. ही गोष्ट मला फार बोलकी वाटते. 'पुढे शाळा आहे' या पाटीपाशी न थांबलेली गाडी पन्नास पावलांवरच्या उंचवट्यापाशी गोगलगाय होते. चालकाला वेग कमी करता येत नाही अशातला भाग नाही. उत्तम येतो. शॉकअबसॉर्बरसाठी तो करतो, मुलांसाठी करत नाही, एवढंच. गतिरोधकाची मागणी करणारं सह्यांचं निवेदन हा खरं तर सह्या करणाऱ्यांचा कबुलीजबाब असतो. दुसऱ्याच्या हाडांची काळजी आमच्याकडून होणार नाही, आमच्या गाडीच्या हाडांची भीती घाला.

आणि मग हॉर्न. पुस्तकात तो धोक्याचा इशारा आहे. गल्लीत तो हुकूम असतो: मी वेग कमी करणार नाही, तू हो बाजूला. लांबून हॉर्न वाजवत येणाऱ्याला आपण जबाबदार चालक समजतो. 'निदान हॉर्न तरी दिला' असं अपघातानंतरही म्हटलं जातं. पण त्या आवाजासरशी काय होतं ते पाहावं. सावध राहण्याचं काम एका क्षणात गाडीतल्या धडधाकट माणसाकडून पायी चालणाऱ्याकडे जातं. ज्याच्या हातात हजार-बाराशे किलोचं यंत्र आहे तो मोकळा, आणि कमी ऐकू येणाऱ्या म्हाताऱ्याने, हातात पिशव्या असलेल्या बाईने, चेंडूमागे धावणाऱ्या सात वर्षांच्या मुलाने चपळ व्हायचं. ओझं वाहण्याचं काम सगळ्यात अशक्ताला द्यावं, असं इतर कोणत्या बाबतीत आपल्याला योग्य वाटेल?

आपण हे मुलांना संस्कार म्हणून शिकवतो. रस्त्यावर खेळू नकोस, कडेने चाल, गाडी दिसली की थांब. शिकवायलाच हवं, जीव वाचतो. पण यातलं एकही वाक्य गाडीवाल्याला उद्देशून नाही. मूल चुकलं तर त्याने जीव द्यावा इतकी ती चूक मोठी असते का, हे आपण विचारत नाही. मुलं चुकणारच. वाकून बुटाची नाडी बांधतील, मैत्रीण दिसली की रस्ता न बघता पळतील. मोठ्यांनी वेग असा ठेवायचा, की त्यांची चूक खरचटण्यावर निभावेल.

नेदरलँड्समध्ये नेमका हाच वाद झाला, तोही फार जुना नाही. आज सायकलींचा देश म्हणून आपण त्याचे फोटो बघतो, पण १९७० च्या सुमारास तिथल्या गल्ल्या मोटारींनी व्यापल्या होत्या आणि वर्षाला चारशेहून जास्त मुलं रस्त्यावर मरत होती. व्हिक लांगेनहॉफ या पत्रकाराची लहान मुलगी सायकलवरून शाळेत जाताना मोटारीखाली सापडून गेली. त्याने १९७२ मध्ये आपल्या वृत्तपत्रात लेख लिहिला. त्याचं शीर्षकच 'बालहत्या थांबवा' असं होतं. शीर्षकात 'अपघात' हा शब्द त्याने वापरला नाही. त्यातून पालकांची चळवळ उभी राहिली. त्याच काळात डेल्फ्ट शहरातल्या काही वस्त्यांत रस्त्याची रचनाच बदलली जात होती: झाडं, बाकं, नागमोडी वाट. १९७६ मध्ये अशा रस्त्यांना कायद्याने वेगळा दर्जा मिळाला. तिथे माणसांना रस्त्याच्या पूर्ण रुंदीत चालायची आणि मुलांना खेळायची मुभा आहे, आणि मोटारीने यायचं ते चालण्याच्या गतीने, पाहुण्यासारखं. तिथल्या लोकांचा स्वभाव एका रात्रीत साधुसंतांचा झाला नव्हता. फक्त सावध कोणी राहायचं, याचं उत्तर त्यांनी उलटं केलं.

आपल्याकडे हा विषय गाजला तो पुण्यात, कल्याणीनगरमध्ये, १९ मे २०२४ च्या पहाटे. महागड्या मोटारीच्या धडकेत दुचाकीवरचे दोन तरुण अभियंते गेले. गाडी सतरा वर्षांचा मुलगा दारू पिऊन चालवत होता असा आरोप झाला. जामीन देताना त्याला तीनशे शब्दांचा निबंध लिहायला सांगितला गेला आणि देशभर संताप उसळला. संताप योग्यच होता. पण त्यात एक सोयही होती. गुन्हेगार असा मिळाला होता की त्याच्यात आपल्यातलं काहीच दिसू नये: कोट्यधीश घर, परदेशी गाडी, पहाटेची वेळ. मोटार वाहन कायद्यात २०१९ मध्ये घातलेलं १९९अ कलम मात्र फक्त कोट्यधीशांसाठी नाही. अल्पवयीन मुलाने वाहन चालवून गुन्हा केला तर पालकाला किंवा वाहनमालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि पंचवीस हजार रुपये दंड, गाडीची नोंदणी बारा महिने रद्द, आणि त्या मुलाला पंचविसाव्या वर्षापर्यंत परवाना नाही. 'कोपऱ्यावरच तर जायचंय, दूध घेऊन ये' म्हणून नववीतल्या मुलाच्या हातात गिअर नसलेल्या स्कूटरची किल्ली देणारी घरं त्याच शहरात किती असतील? गल्ली म्हणजे अंगण, तिथे परवाना कशाला, असं आपल्याला वाटतं. अंगणच असेल, तर त्यात ताशी पन्नासने कोण जातं?

आता या गल्लीत दहा मिनिटांत किराणा पोचवणारी मुलंही आली आहेत. त्यांच्या वेगाबद्दल सोसायट्यांच्या सभांत तावातावाने बोललं जातं. हे बोलणाऱ्यांपैकी अनेकांनी त्याच सकाळी कोथिंबीर आणि ब्रेड तसाच मागवलेला असतो आणि नकाशावर सरकणारा ठिपका बघत 'अजून आला कसा नाही' म्हटलेलं असतं. तो मुलगा आपलीच घाई मजुरीवर वाहतो. त्याला गल्लीच्या तोंडाशी उतरून चालत यायला लावावं, असा ठराव अशा सभेत सहज मंजूर होईल. कॅमेऱ्याचा होईल, गतिरोधकाच्या निवेदनाचा तर एकमताने. सभासदांनी स्वतःची वाहनं गल्लीत ताशी ३० च्या आत चालवावीत, या ठरावाला खर्च नाही, पालिकेची परवानगी लागत नाही, ठेकेदारही लागत नाही. त्याला सूचक कदाचित मिळेल. अनुमोदक मिळेल की नाही, ते सांगता येत नाही.