पंथ सुटला, मन कधी सुटावे?

पंथात येणाऱ्या माणसाविषयी आपल्याकडे पुष्कळ लिहिले-बोलले जाते. माळ कोणाच्या हातून घ्यावी, नेम कोणते, एकादशी कशी पाळावी, हे सांगणारे गावोगाव आहेत, आणि ते सांगितलेच पाहिजे. पण एखादा माणूस कडक पंथातून बाहेर पडला, म्हणजे पुढे त्याच्या मनाचे काय होते, याविषयी आपण सहसा तोंड उघडीत नाही. आपल्यातून गेला तर 'गेला बिचारा' म्हणतो. दुसऱ्याकडून आपल्याकडे आला तर 'बरे झाले, शहाणा झाला' म्हणून त्याच्या हाती टाळ देतो. दोन्ही वेळी आपल्या लेखी गोष्ट तिथे संपते. त्या माणसाच्या लेखी ती तिथे सुरू होते.

आमच्या वऱ्हाडात हा प्रश्न पोथीतला नाही. अमरावती आणि अकोला या दोन जिल्ह्यांत फिरले तर पंथ, मठ, मंडळे, संस्थाने यांना तोटा नाही. अमरावती जिल्ह्यातले रिद्धपूर हे तर महानुभावांचे मोठे तीर्थ. श्रीगोविंदप्रभू तेथे वावरले, आणि म्हाइंभटांनी लीळाचरित्र सिद्ध केले तेही तेथेच. श्रीचक्रधरांची आपल्या संन्यासी शिष्यांना शिकवण अशी की मुलूख, गाव आणि सगेसोयरे हे तिन्ही पाश तोडून हिंडावे, भिक्षा मागावी. एवढी करडी शिस्त पाळणाऱ्या मंडळींच्या हातून मराठी गद्याचा पाया घातला गेला. तेव्हा कडक म्हणजे वाईट, असे कोणी समजू नये. ज्याला ती शिस्त मानवते त्याला ती तारते. प्रश्न आहे तो ज्याला ती मानवली नाही, किंवा काही वर्षांनी मानवेनाशी झाली, त्याचा.

दर्यापूरकडचे एक कास्तकार आमच्या चांगल्या परिचयाचे आहेत. अकरा वर्षे ते एका कडक पंथात होते. त्या पंथाचे नाव येथे सांगत नाही. आमचे भांडण त्या पंथाशी नाही. पहाटे चारला उठणे, नेमाचा जप, पंथाबाहेरच्या घरचे पाणी न घेणे, सोयऱ्यांच्या लग्नाला न जाणे, आणि मनात आलेली शंका दर आठवड्याला वडील मंडळींपुढे बोलून टाकणे, असा तेथला रिवाज. सख्ख्या भावाच्या तेरवीला जाऊ नको म्हणून सांगितले, तेव्हा हे उठले आणि गेले. परत पंथात पाऊल ठेवले नाही. गाव म्हणाले, सुटला. आम्हीही एकदा अकोल्याच्या बाजारात भेटले तेव्हा तसेच काहीसे बोललो. तर म्हणाले, "सुटलो तं खरा, पन चारले जाग येतेच. मंग उठून बसतो. जप करू तं कोनाच्या नावानं, अन् न करू तं भेव लागते."

या दोन वाक्यांत सगळा प्रश्न आला आहे. भय आणि धीर ही दोन्ही बियाणी त्यांच्या मनात एकाच हाताने पेरली होती. पंथ सोडल्यावर धीर गेला, भय राहिले. शेतकऱ्याला हे नवे नाही. वखराने वरचे गवत निघते, पण हरळीची मुळी खाली जिवंत असते, आणि पहिल्या सरीबरोबर पुन्हा फुटते. तिच्यावर उपाय म्हणजे उन्हाळ्यात खोल नांगरून ढेकळे उन्हात तापू देणे. मनातल्या भयालाही असेच ऊन लागते. म्हणजे ते एखाद्या भरवशाच्या माणसापुढे मोठ्याने बोलावे लागते: अमुक केले नाही तर मी नरकात जाईन, असे मला अजून वाटते. अंधारात हे वाक्य डोंगराएवढे असते, दिवसा चार माणसांत बोलले की त्याची उंची कळते. एका उन्हाळ्यात मुळी वाळत नाही, हेही शेतकऱ्याला ठाऊक आहे.

भयाहून चिवट अशी दुसरी गोष्ट म्हणजे मोजमाप. पंथ सुटतो, पण पंथाने हातात दिलेला गज हातातच राहतो. हे गृहस्थ पुढे आमच्या भजनाला येऊ लागले. महिनाभरात त्यांनी आमची सारी मंडळी मोजून टाकली. कोण जांभई देतो, कोणाची माळ सदऱ्याच्या आत आहे, कोण उशिरा येतो. "हे कसले वारकरी? चहा पिऊन हरिपाठाले बसते!" असे आम्हांस तोंडावर म्हणाले. (आम्ही त्या वेळी दुसरा कप घेत होतो.) पुढच्या खेपेस भेटले तो नूर निराळाच. आता सगळेच थोतांड, सगळेच महाराज लबाड, अकरा वर्षे मातीत गेली. ऐकणाऱ्याला वाटते, माणूस एका टोकाचा दुसऱ्या टोकाला गेला. पण गज तोच होता. आधी त्या गजाने जग मोजून कमी भरत होते, आता त्याच गजाने जुना पंथ मोजून कमी भरत होता.

रागाने घर सोडणाऱ्याची गोष्ट आपल्या मुलखातच घडलेली आहे. कौंडण्यपूर हे अमरावती जिल्ह्यात वर्धा नदीच्या काठी, रुक्मिणीमातेचे माहेर. तिची पालखी तेथून आषाढीला पंढरपुरास जाते. रुक्मिणीने माहेरची शिस्त मोडली. भावाने शिशुपालाशी ठरवलेले लग्न नाकारून ती श्रीकृष्णाच्या रथात बसली. रुक्मी पाठलाग करीत आला, हरला, आणि भगवंतांनी त्याच्यावर शस्त्र उगारले, तेव्हा तिनेच पाय धरून भावाचा जीव वाचवला, असे भागवताच्या दशम स्कंधात आहे. रुक्मीची मात्र प्रतिज्ञा होती की कृष्णाला मारून बहिणीला परत आणल्याशिवाय कौंडण्यपुरात शिरणार नाही. ती पुरी झाली नाही. तेव्हा त्याने रागारागाने भोजकट नगर वसवले आणि तिथेच राहिला. अमरावतीजवळच्या भातकुलीला लोक भोजकट मानतात. घर दोघांचेही सुटले. रुक्मिणी द्वारकेस गेली, तरी कौंडण्यपूर तिचे माहेर राहिले. रुक्मी जवळच राहिला आणि त्याला घर परके झाले.

पंथ सोडलेली पुष्कळ माणसे अशी भोजकटात राहतात. उठता बसता जुन्या पंथाचाच विषय, त्यांची उणी, त्यांची लबाडी. राग येऊच नये असे आमचे म्हणणे नाही. कोणाचे वावर लिहून घेतले असेल, कोणाच्या लेकरांना मारझोड झाली असेल, तर त्याने गप्प बसू नये. कोर्टकचेरी करावी, चारचौघांत सांगावे. रुक्मिणी काही शिशुपालाच्या घरी गेली नाही. पण रागाचे गाव वसवून तेथे कायमचे राहायला जाणे निराळे.

हे झाले बाहेर पडणाऱ्याच्या मनाविषयी. ते मन जखडून ठेवण्यात भोवतालच्या लोकांचा वाटा किती असतो, हे पाहायचे तर आपल्याच संप्रदायाच्या मुळाशी जावे लागते. एकदा संन्यास घेतला की परतीची वाट नाही, असा धर्मशास्त्राचा कटाक्ष होता. संन्यासातून ढळलेला मनुष्य मरेपर्यंत राजाचा दास होतो, असे याज्ञवल्क्यस्मृतीत सांगितले आहे. परंपरा सांगते की आपेगावचे विठ्ठलपंत काशीस संन्यासी झाले, आणि मागे पत्नी आहे हे कळल्यावर गुरूंच्या आज्ञेनेच आळंदीस परतले. पळून आले नाहीत, गुरूंनी धाडले म्हणून आले. तरी वाळीत पडले. चार मुले झाली, मुंजींचा प्रश्न आला, तेव्हा देहान्त प्रायश्चित्तावाचून गती नाही असा निवाडा झाला, आणि उभयतांनी लेकरे मागे ठेवून देहत्याग केला.

या कथेत ब्रह्मवृंदाचा निष्ठुरपणा सर्वांना दिसतो, कीर्तनकारही तोच रंगवून सांगतात. आम्हांस त्याहून कठीण वाटते ते हे की विठ्ठलपंतांनी निवाडा मान्य केला. त्यांना कोणी बांधून नेले नव्हते. ज्या शास्त्राने त्यांना बाहेर काढले त्या शास्त्राचा न्यायाधीश त्यांच्या आत बसलेला होता. बाहेरचा पंच आणि आतला पंच एक झाले, म्हणजे माणसाला दाद मागायला जागा उरत नाही.

त्यांचा मुलगा शके १२१२ मध्ये, म्हणजे इसवी सन १२९० साली, नेवासे येथे गीता सांगायला बसला. सहाव्या अध्यायात अर्जुन विचारतो: इकडचे सोडले आणि तिकडचे साधले नाही, असा माणूस फुटलेल्या ढगासारखा दोन्हीकडून नाहीसा तर होत नाही ना? अर्जुनाचा प्रश्न योग अर्धवट राहिलेल्याविषयी आहे, संन्यास सोडून घरी आलेल्याविषयी नाही, हे आम्हांस कळते. तरी विठ्ठलपंतांच्या मुलाच्या कानाला तो कसा लागला असेल, याचा विचार वाचकांनी करावा. त्याला उत्तर देताना भगवान 'तात' अशी मायेची हाक मारतात आणि सांगतात की असा माणूस इथे नाश पावत नाही, परलोकातही नाही. चांगले करणाऱ्याची वाईट गत होत नाही. पुढे तर त्याने जेवढे मिळवले तेवढे पुढच्या जन्मीही त्याच्या पदरात असते, असे आहे. ज्ञानदेवांनी या स्थळी आईबापांचे नाव काढलेले नाही, पैठण-आळंदीची तक्रार मांडलेली नाही. फुटलेल्या ढगाचे भय कोणाच्या घरी खरे झाले होते, हे त्यांना कोणी सांगायला नको होते. तरी त्यांच्या मराठीत भगवंतांचा तो धीर तसाच उतरला आहे.

मिळवलेले पदरात राहते, ही गोष्ट आम्हांस फार महत्त्वाची वाटते. दर्यापूरकर म्हणतात अकरा वर्षे मातीत गेली. खरेच गेली काय? या बाबतीत गोव्याच्या धर्मानंद कोसंबींचे उदाहरण पाहण्यासारखे आहे. बुद्धधर्माच्या ओढीने त्यांनी १८९९ साली बायको-मुलीस मागे ठेवून घर सोडले. १९०२ साली सिंहलद्वीपात दीक्षा घेतली, पुढे ब्रह्मदेशातही राहिले. १९०६ साली कलकत्त्यास पाली शिकवण्याचे काम पत्करून त्यांनी चीवर उतरवले आणि ते गृहस्थाश्रमात परत आले. बौद्धांच्या विनयात यासाठी दार ठेवलेले आहे. भिक्षूने शुद्धीवर असताना, ज्याला कळेल अशा माणसापुढे, मी शिक्षा सोडतो एवढे म्हटले की तो मोकळा. त्याला दंड नाही, आणि मन झाले तर पुन्हा भिक्षू होता येते. ब्रह्मदेशात तर मुले थोडे दिवस चीवर घेऊन घरी येतात आणि आईबाप त्यात पुण्य मानतात.

विठ्ठलपंतांना परतताना प्राण द्यावे लागले आणि कोसंबींना एक वाक्य बोलावे लागले, यात दोघांच्या मनोबळाचा फरक नाही, दाराचा आहे. कोसंबींनी चीवर ठेवले, पाली ठेवली नाही. पुढे त्यांनी पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात ती शिकवली, अमेरिकेत हार्वर्डला जाऊन विशुद्धिमार्गाच्या संपादनात खपले, आणि मराठीत बुद्धाचे चरित्र लिहिले. 'निवेदन' हे आत्मचरित्रही लिहिले. आमच्या गृहस्थांनाही आम्ही एकदा म्हणालो, दादा, तुमची पहाटेची जाग पंथाची नाही, तुमची आहे. तिथे शिकलात म्हणून काय झाले? जप नसेल करायचा तर बैलांना वैरण टाका, नुसते अंगणात बसा. त्यावर काही बोलले नाहीत.

आता आपल्या दाराविषयी. कोणी सोडून आला की आपल्या मंडळींना त्याच्या तोंडून जुन्या पंथाची निंदा ऐकायला फार गोड लागते. खोदून खोदून विचारतात, मग काय करत होते हो तिथे? आणि तो बिचारा आपल्याला बरे वाटावे म्हणून दोन गोष्टी वाढवून सांगतो. म्हणजे त्याला आपणच भोजकटात नेऊन बसवतो. दुसरी खोड माळेच्या घाईची. काल आला, आज माळ घातली, उद्या त्याने ती काढून ठेवली की पुन्हा 'भ्रष्ट' म्हणायला आपण मोकळे. एका नेमातून जखमी होऊन आलेल्याला लगेच दुसऱ्या नेमात जुंपू नये. वर्ष दोन वर्षे नुसते येऊ द्यावे, मागे बसू द्यावे, मध्येच उठून जाऊ द्यावे. आणि आपली माळ कोणी उतरवून ठेवली तर त्याच्याशी बोलणे टाकू नये. हे आमच्या काही वडीलधाऱ्यांना रुचणार नाही याची आम्हांस कल्पना आहे.

शेंडगावचे गाडगेबाबा याच मुलखातले. १९५६ साली अमरावतीजवळ त्यांनी देह ठेवला. जन्मभर कीर्तने केली, पण आपला कोणी शिष्य नाही असे ते सांगत, आणि देवळांऐवजी त्यांनी पंढरपूर, आळंदी, देहू, नाशिक येथे धर्मशाळा उभ्या केल्या. धर्मशाळेत येणाऱ्याला कुठून आलास, किती दिवस राहणार, एवढेच विचारतात. जाणाऱ्याला प्रायश्चित्त नसते.

एक गोष्ट राहिली. सोडून येणारा एकटा येतो, त्याची माणसे पुष्कळदा मागे आत राहतात. दर्यापूरकरांचा थोरला मुलगा अजून त्याच पंथात आहे. घर वेगळे, बोलणे बंद. "पोयाले त्याच्या घरी जाऊ का?" असे त्यांनी आम्हांस विचारले. आम्ही म्हटले, जा. वाद घालू नका, पंथाचा विषय काढू नका. पाणी विचारले नाही तर पाणी मागू नका, अंगणात उभे राहून बैल पाहून या. ते गेले. मुलगा बोलला नाही, सूनबाई आतच राहिली. नातू मात्र बैलाच्या शिंगाला बेगड चिकटवीत बसला होता आणि ते काही नीट चिकटत नव्हते. यांनी खाली बसून ते लावून दिले, दोन्ही शिंगांना, आणि उन्हे कलायच्या आत घरी आले.