निवृत्ती कशातून घ्यायची?

॥ श्रीगुरवे नमः ॥



आपल्या कुटुंब-गटांत एक विषय फिरून फिरून येतो. बाबा रिटायर झाले, आता त्यांनी काय करावं? मुलगा म्हणतो, "बाबा, खूप केलंत, आता आराम करा, नाम घ्या." पण चार दिवसांत बाबांना घर खायला उठतं. दुसऱ्या एखाद्या घरात नेमकं उलटं असतं. अण्णांनी पासष्टी ओलांडली तरी ते रोज डबा घेऊन कुणाच्या तरी दुकानात हिशेब लिहायला जातात. सगळे कौतुकाने म्हणतात, "बघा, या वयातही काय उत्साह!" तो उत्साह आहे की गरज, हे मात्र कोणी विचारत नाही.

म्हणून या वेळी आपण याच प्रश्नावर थोडा विचार करू या. *उतारवयात काम करत राहणं ही आसक्ती, की कर्तव्य? आणि थांबणं हे वैराग्य, की नुसता कंटाळा?*

आधी त्या वयाच्या आकड्याचं बघू. आपली मंडळी किती गावांना पसरली आहेत! बडोद्यात गुजरात सरकारचा कर्मचारी ५८ व्या वर्षी घरी बसतो. बेळगावात कर्नाटक सरकारचा ६० व्या वर्षी. तेलंगणाने २०२१ मध्ये हे वय ५८ वरून ६१ केलं, तर मध्य प्रदेशाने २०१८ मध्ये ६० वरून ६२. केंद्र सरकारात १९६२ पर्यंत ५५ होतं, मग ५८ झालं आणि १९९८ पासून ६० आहे. म्हणजे चार गावांतले चार चुलतभाऊ, वय तेच, तब्येत तीच, पण एकाला आपण 'निवृत्त' म्हणतो आणि दुसरा अजून 'साहेब' असतो. हा आकडा सरकार आपल्या सोयीने ठरवतं. त्यावरून माणूस संपला की उरला, हे ठरत नाही.

मनुस्मृतीच्या सहाव्या अध्यायात वानप्रस्थाची वेळ सांगितली आहे. तिथे अमुक वर्ष असं न म्हणता खुणा दिल्या आहेत. अंगाला सुरकुत्या पडल्या, केस पिकले आणि मुलाला मूल झालं, की गृहस्थाने वनाकडे वळावं. पहिल्या दोन खुणा शरीराच्या आहेत. तिसरी मात्र घराची आहे. पुढची पिढी उभी राहिली, आता तिच्या हाती सोपवायला हरकत नाही, असा तिचा अर्थ आपण घेऊ शकतो. निवृत्तीत थकण्याइतकंच सोपवणंही असतं.

गीतेच्या अठराव्या अध्यायात हा विचार आणखी पुढे जातो. वाट्याला आलेलं काम मोहामुळे टाकलं तर तो त्याग तामस. अंगाला त्रास नको म्हणून टाकलं तर राजस. आणि काम करत राहून त्यातली आसक्ती व फळाची इच्छा सोडली तर तो सात्त्विक. गंमत बघा, या तिसऱ्या त्यागात काम सुटतच नाही!

आता हे आपल्या घराला लावून पाहू. रिटायर झाल्यावरही रोज ऑफिसात फोन करून "ती फाइल कुठे ठेवली?" विचारणारे साहेब आपण पाहिले आहेत. सोसायटीचं, मंडळाचं अध्यक्षपद वीस-वीस वर्षं न सोडणारेही पाहिले आहेत. त्यांना कामाचं प्रेम असेलही, पण जीव खुर्चीत अडकलेला असतो. आपण खुर्ची अडवली की मागे उभ्या असलेल्या तरुणाची वाट तेवढी लांबते. निवृत्तीचं वय दोन वर्षांनी वाढलं, तर त्यामुळे रिकाम्या होणाऱ्या जागाही दोन वर्षं उशिरा रिकाम्या होतात. आपल्याच नातवाचा फॉर्म त्या रांगेत असू शकतो.

खुर्ची सोडून काम केलेली माणसंही आपल्याला परकी नाहीत. रियासतकार गो. स. सरदेसाई यांनी बडोद्याला सयाजीराव महाराजांच्या पदरी अनेक वर्षं नोकरी केली आणि साठीच्या सुमारास ते निवृत्त झाले. त्यानंतर त्यांनी पेशवे दप्तरातल्या कागदांचे ४५ खंड संपादित केले. त्यांचा मराठ्यांचा इंग्रजी इतिहास तीन खंडांत निघाला, तेव्हा ते ऐंशीच्या पुढे होते. गोव्यातून जाणारी कोकण रेल्वे ज्यांनी उभी केली, ते ई. श्रीधरन १९९० मध्ये ५८ व्या वर्षी रेल्वेच्या नोकरीतून निवृत्त झाले होते. पुढे त्यांनी दिल्ली मेट्रो उभारली आणि २०११ च्या अखेरीस, ७९ व्या वर्षी, तीही दुसऱ्याच्या हाती सोपवली.

पण एवढ्यावर थांबलो तर आपण अर्धंच बोललो. काम करायचं की नाही, हे ठरवणं या दोघांच्या हातात होतं. सगळ्यांच्या हातात ते नसतं.

२०११ च्या जनगणनेत साठीपुढची माणसं सुमारे १० कोटी ४० लाख होती. खेड्यांत त्यांच्यातल्या शंभर पुरुषांमागे ६६ आणि शंभर बायकांमागे २८ काम करत होत्या. शहरांत हेच आकडे ४६ आणि ११ होते. शेतमजुराला, हमालाला, गवंड्याला सत्काराची शाल मिळत नाही. हात चालतात तोवर त्याचं काम चालतं. कारखान्यात नोकरी केलेल्याला भविष्य निर्वाह निधीच्या योजनेतून मिळणारं किमान पेन्शन २०१४ मध्ये महिना १,००० रुपये ठरलं. गरीब वृद्धांच्या राष्ट्रीय पेन्शन योजनेत ७९ वर्षांपर्यंत केंद्राचा वाटा २०० रुपये, ऐंशीनंतर ५००. राज्य आपली भर घालतं ती वेगळी. एवढ्यात औषधं आणायची की किराणा? आपल्याच फाटकावर रात्रभर उभ्या असलेल्या म्हाताऱ्या वॉचमनला "काका, आता सोडा हे, देवाचं नाव घ्या" असं सांगणं सोपं आहे. पण त्याग करायला आधी हातात काही असावं लागतं.

तसंच आपल्या अण्णांचं. आईवडिलांनी मुलांकडून पोटगी मागावी यासाठी २००७ मध्ये कायदा झाला. पण मानी माणूस कोर्टात जात नाही, आणि घरीही मागत नाही. तो डबा घेऊन निघतो. आपण त्याला उत्साह म्हणतो, कारण ते आपल्याला सोयीचं असतं.

आणि आई? बाबांचा निरोपसमारंभ झाला, हार झाला, ग्रुपवर फोटो आले. आईच्या हातातली पोळीची कणीक कधी सुटली? बाबा घरी बसल्यापासून तिचे चहाचे दोन कप वाढलेच, वर नातवंडांची शाळेची बस आहेच. जनगणनेतल्या शहरी बायकांच्या त्या ११ मध्ये ती नाही, कारण घरचं राबणं तिथे काम म्हणून धरत नाहीत. निदान आपण तरी धरावं.

म्हणून आम्हाला असं वाटतं, की काम करावं की सोडावं याचं एकच उत्तर सगळ्यांना लागू नाही. ज्याला गरज नाही त्याने खुर्ची सोडावी, हवं तर काम ठेवावं. ज्याला गरज आहे त्याच्या गरजेचा भार मुलांनी उचलावा, म्हणजे निवड त्याच्या हातात येईल. मग तो कामावर गेला तरी आनंदाने जाईल.

या रविवारी नामस्मरण झाल्यावर सगळ्यांनी घरात एकत्र बसावं आणि तीन गोष्टी बोलाव्यात:

१. घरातल्या मोठ्यांना महिन्याला खरोखर किती पैसे लागतात, आणि येतात किती? आकडे कागदावर लिहावेत.

२. जे मोठे काम करतात ते आवडीने की नाइलाजाने? त्यांनाच विचारावं, आणि उत्तर मध्ये न बोलता ऐकून घ्यावं.

३. आईचं, आजीचं कोणतं एक काम उद्यापासून दुसरं कोणीतरी घेणार? त्याचं नाव तिथेच ठरवावं.

बोलताना थोडं अवघडायला होईल, आवाजही चढेल कदाचित. तरी बोलावं. पैशाचं बोलणं आईवडिलांशी कसं काढायचं, या संकोचात वर्षं निघून जातात.

सर्वांच्या घरी समाधान नांदो, हीच सद्गुरुचरणी प्रार्थना.

🙏 जय गुरुदेव 🙏